लडाखला जा, पण दमाने!

आमच्या लहानपणी उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जायचे म्हणजे चिखलदरा, आणि ऐपत असली तर पचमढी. बहुतेकांची धाव मामाच्या गावापर्यंतच असे. आता काळ बदलला आहे. एप्रिल उजाडला, पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला, की आपल्या गावातली निम्मी मंडळी लडाखच्या गोष्टी करू लागतात. २००९ साली 'थ्री इडियट्स' चित्रपटात पांगाँगचे निळे पाणी दिसले आणि तेव्हापासून ही ओढ वाढतच गेली. पोरे बुलेटवर निघतात, नवविवाहित जोडपी निघतात, निवृत्त मास्तर आणि बाई निघतात. खार्दुंग ला येथल्या पिवळ्या पाटीजवळ उभे राहून काढलेला फोटो दिवाणखान्यात लागतो. २०२१ साली १९,०२४ फुटांवरच्या उमलिंग ला खिंडीत डांबरी रस्ता झाल्यापासून तर काहींना खार्दुंग लाही कमीच वाटू लागला आहे.

याबद्दल माझी तक्रार नाही. उलट माणसाने जग पाहावे, अंगात थोडे धाडस असावे, असेच मी म्हणेन. साठी ओलांडलेल्या माणसाने घरात बसून नातवंडे सांभाळावीत आणि गुडघ्याला तेल चोळावे, या मताचा मी नाही. माझी तक्रार आहे ती या सहलीच्या कागदावरच्या आखणीबद्दल, आणि तो कागद न वाचता डॉक्टरकडे सही मागायला येणाऱ्यांबद्दल.

हंगाम सुरू झाला की दवाखान्यात एक छापील फॉर्म येऊ लागतो. वर सहल कंपनीचे नाव, खाली 'सदर व्यक्ती उंचावरील प्रवासास शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे' असे वाक्य, आणि डॉक्टरच्या सहीशिक्क्याची जागा. फॉर्म आणणारा बहुधा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने नागपूरला आणि तिथून विमानाने निघणार असतो. सोबत कार्डिओग्राम, रक्तातील साखर, कधी छातीचा फोटोसुद्धा. 'सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, फक्त सही पाहिजे जी!' असे म्हणून पेन पुढे करतो. मी विचारतो, 'लेहला पोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय कार्यक्रम आहे?' तो बायकोकडे पाहतो. बायको म्हणते, 'ते सगळं कंपनीवालेच पाहतात.'

वाचकहो, खरी गोम इथे आहे. ज्या त्रासासाठी हा फॉर्म भरून घेतला जातो, तो त्रास कोणाला होईल हे माझ्या स्टेथोस्कोपला कळत नाही. कार्डिओग्रामलाही कळत नाही. उत्तम प्रकृतीच्या माणसाला तो होतो आणि पोट सुटलेल्या माणसाला होत नाही, असे सर्रास घडते. आधी कधी उंचावर त्रास झाला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता अधिक, एवढे सांगता येते. बाकी सर्वांत मोठे कारण एकच, ते म्हणजे माणूस किती उंचीवर किती घाईने गेला आणि तिथे झोपला. याचे उत्तर छातीच्या फोटोत सापडत नाही, सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत सापडते. म्हणून गेली काही वर्षे मी सर्वांना सांगतो, कार्डिओग्राम मागाहून पाहू, आधी तुमचा रोजचा कार्यक्रम दाखवा. आणि तो पैसे भरण्याआधी दाखवा.

आता थोडा हिशेब मांडू. चिखलदऱ्याची उंची १,१०० मीटरच्या आसपास. महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. लेह शहर ३,५०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी लेह तिच्याहून वर. दिल्लीची उंची जेमतेम सव्वादोनशे मीटर. दिल्लीहून विमान उडाले की सव्वा तासात लेह. एवढ्या वेळात आपली एसटी तालुक्याच्या गावाला पोचत नाही! विमानात कृत्रिम दाब असतो, म्हणून प्रवासात काहीच जाणवत नाही. दार उघडते, समोर बर्फाचे डोंगर दिसतात, मन हरखून जाते आणि माणूस दोन्ही हातांत बॅगा घेऊन तरातरा चालू लागतो.

उंचावर 'ऑक्सिजन नसतो' असे लोक म्हणतात, ते तितकेसे बरोबर नाही. हवेतील प्राणवायूचे प्रमाण इथे २१ टक्के आणि तिथेही २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो आणि खार्दुंग लाच्या ५,३५९ मीटर उंचीवर जवळजवळ निम्मा. दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर रक्तात शिरणारा प्राणवायूही कमी. (जाता जाता सांगतो, खार्दुंग लाच्या पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेले होते. मोजणीत ती खिंड साडेसतरा हजारांच्या थोडी वर भरली. फोटो फ्रेम करून लावलेल्यांनी मनाला लावून घेऊ नये.)

शरीर मोठे हुशार आहे. त्याला अवधी दिला तर ते या विरळ हवेशी जुळवून घेते. आधी श्वास खोल आणि जलद होतो. त्याने रक्तातील आम्ल आणि अल्क यांचे प्रमाण बिघडते, ते मूत्रपिंडे दोन-चार दिवसांत लघवीवाटे सावरतात, आणि मग श्वास आणखी मोकळा होतो. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. मूत्रपिंडांच्या या कामाला घाई चालत नाही. आपण सुट्टी पाचच दिवसांची काढली आहे, हे त्यांना ठाऊक नसते.

हे ज्ञान परदेशातून आयते आलेले आहे असा समज असेल तर तो काढून टाका. १९६२ च्या चीन युद्धात आपले हजारो जवान मैदानी प्रदेशातून घाईघाईने हिमालयाच्या उंचीवर न्यावे लागले. त्यांतले कित्येक गोळी न लागताच आजारी पडले. लष्कराचे डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास केला आणि तो १९६९ साली अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित नियतकालिकात छापून आला. विरळ हवेच्या आजारावर जगात जे लिहिले गेले, त्यात या अभ्यासाचे नाव आजही आदराने घेतले जाते. लष्कर त्यातून शिकले. आज जवानाला नऊ ते बारा हजार फुटांच्या पट्ट्यात नेले की सहा दिवस तिथे रुळवतात, आणि त्यातले पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती. पुढे बारा ते पंधरा हजार फुटांसाठी आणखी चार दिवस, आणि त्याहून वर जायचे तर आणखी चार. वीस-बावीस वर्षांच्या, रोज पहाटे धावणाऱ्या जवानाला एवढे दिवस लागतात, आणि आपल्या अठ्ठावन्न वर्षांच्या, मधुमेही, जिना चढताना धापा टाकणाऱ्या काकांना सहल कंपनी दुसऱ्याच दिवशी साडेसतरा हजार फुटांवर उभे करते!

तरुणांना वाटते की हे सारे म्हाताऱ्यांसाठी. खरे तर वय कमी म्हणून त्रास कमी, असे मुळीच नाही. तरुणांना त्रास होतो तो बहुतेक वेळा त्यांच्या उत्साहामुळे. माझ्या माहितीतला एक सव्वीस वर्षांचा मुलगा, रोज व्यायामशाळेत जाणारा, पाच मित्रांबरोबर विमानाने लेहला गेला. पहिल्याच संध्याकाळी सगळे शांती स्तूपाच्या पायऱ्या चढले, पैज लावून. दुसऱ्या दिवशी भाड्याच्या मोटारसायकलींवर खार्दुंग ला. रात्री डोके ठणकत होते, पण मित्रांनी चिडवू नये म्हणून तो बोलला नाही. मध्यरात्रीनंतर कोरडा खोकला सुरू झाला, आडवे पडले की गुदमरायला होई. पहाटेपर्यंत छातीत घरघर. हॉटेलमालक जाणता होता. त्याने गाडी काढून त्याला थेट जिल्हा रुग्णालयात नेले. फुप्फुसांत पाणी झाले होते. दोन दिवस प्राणवायू लावला, मग विमानाने दिल्लीला उतरवले, आणि तिथे पोचेपर्यंत पोरगा बराच सावरला होता. त्याच गटात एक चांगला शंभर किलोचा मित्र होता. तो पहिले दोन दिवस हॉटेलात झोपून राहिला आणि सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झाला. त्याला काहीही झाले नाही. आपली फाईल मला दाखवायला तो मुलगा आला तेव्हा हा मित्रच त्याला घेऊन आला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहण्यासारखे होते.

लक्षणे नीट समजून घ्या, कारण तिथे तुमच्याजवळ मी नसेन. पोचल्यावर सहा ते बारा तासांनी डोके दुखू लागते, मळमळते, जेवण नकोसे होते, थकवा येतो, चक्कर येते. सहलीतल्या अनेकांना एवढे होते, आणि एखाद-दोन दिवस स्वस्थ पडून राहिले की बहुतेकांचे जाते. डोकेदुखीसाठी साधी पॅरासिटामॉलची गोळी घेता येते. एक नियम मात्र पक्का, की डोके दुखत असताना आणखी उंचावर जायचे नाही. 'कुणामुळे तरी सगळ्यांचा कार्यक्रम बिघडायला नको' म्हणून गोळी घेऊन गाडीत बसायचे नाही.

यापुढच्या दोन अवस्था जिवावरच्या आहेत. एक फुप्फुसांत पाणी होण्याची, जी त्या मुलाला झाली. ती बहुधा दुसऱ्या रात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतरच्या दोन दिवसांत गाठते. बसल्या जागी धाप लागते, सोबतचे सगळे चालतात पण एकटा मागे पडतो, खोकला थांबत नाही, पुढे गुलाबी फेस पडू लागतो. दुसरी अवस्था मेंदूला सूज येण्याची. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो किंवा नुसता झोपून राहतो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. संशय आला तर त्याला फरशीच्या रेघेवर टाचेला बोट लावून दहा पावले चालायला सांगा. नाही जमले, तर पहाटेची वाट पाहू नका. प्राणवायू लावा, दवाखाना गाठा आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरवा. खाली उतरणे हेच यावरचे मुख्य औषध आहे, बाकीची औषधे वेळ काढण्यासाठी.

आणि इथेच पांगाँगच्या मुक्कामाचा प्रश्न येतो. बाजारात सर्वाधिक खपणारी पाच-सहा दिवसांची सहल अशी असते: पहिल्या दिवशी लेह, दुसऱ्या दिवशी आसपासचे मठ आणि सिंधू-झंस्कार संगम, तिसऱ्या दिवशी खार्दुंग ला ओलांडून नुब्रा खोरे, चौथ्या रात्री पांगाँगच्या काठी तंबू, पाचव्या दिवशी चांग ला ओलांडून लेह, सहाव्या दिवशी विमान. यातली नुब्राची रात्र मला खटकत नाही. खिंड उंच असली तरी तिथे पंधरा-वीस मिनिटेच थांबायचे असते आणि नुब्रातले हुंदर गाव लेहपेक्षा खालीच, ३,१०० मीटरच्या आसपास आहे. दिवसा कितीही वर जा पण रात्री खाली झोपा, हे जुन्या गिर्यारोहकांचे सूत्र तिथे पाळले जाते. पांगाँग मात्र सुमारे ४,२५० मीटरवर आहे. म्हणजे आदल्या रात्रीपेक्षा एकदम हजार-अकराशे मीटर उंच झोपायचे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असे शास्त्र सांगते.

बरे, तिथे मध्यरात्री कुणाची छाती भरली तर? मोठे रुग्णालय लेहला, काही तासांच्या वाटेवर. आणि पांगाँगहून लेहला परतायचे तर नेहमीचा रस्ता चांग लावरून जातो, साडेसतरा हजार फुटांवरून. ज्याला तातडीने खाली न्यायचे, त्याला आधी हजार मीटर वर चढवायचे! कार्यक्रम आखणाऱ्यांनी कधी याचा विचार केला असेल का, असे मला नेहमी वाटते. पांगाँग पाहूच नका असे मी म्हणत नाही. लेहला दोन पूर्ण दिवस विश्रांती झाली आहे, मध्ये नुब्राच्या दोन रात्री झाल्या आहेत, डोके शांत आहे, भूक लागते आहे, मग खुशाल जा. साठीच्या पुढच्यांनी आणि ज्यांना आधी त्रास झाला आहे त्यांनी लेहहून पहाटे निघून रात्री परत यावे. दिवस दमवणारा होतो हे खरे, पण तलावाचे पाणी दुपारीच अधिक निळे दिसते, असे जाऊन आलेले सांगतात.

रस्त्याने गेले की त्रास होत नाही, हाही एक गोड समज आहे. कोणत्या रस्त्याने, यावर ते आहे. श्रीनगरहून निघालात तर श्रीनगर १,५८५ मीटर, कारगिल सुमारे २,७०० मीटर आणि मग लेह. दोन्ही ठिकाणी एकदोन मुक्काम केले तर शरीराला पायरी पायरीने चढायला मिळते. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर बऱ्याच कुटुंबांनी या वाटेचे नाव सोडले आहे, तो निर्णय ज्याचा त्याने परिस्थिती पाहून घ्यावा. मनालीची वाट बुलेटवाल्यांची आवडती, पण तिच्यावरचा सरचूचा मुक्काम ४,३०० मीटरच्या जवळपास आहे, म्हणजे लेहपेक्षाही कितीतरी वर. दोन हजार मीटरवरच्या मनालीहून निघून लगेच सरचूच्या तंबूत रात्र काढायची, ही विमानापेक्षा वाईट गत. त्यापेक्षा अलीकडे जिस्पाला दोन रात्री थांबावे आणि मग पहाटे निघून, सरचूला न झोपता, लेह गाठावे.

आता औषधांकडे वळू, कारण 'ती डायमॉक्सची गोळी लिहून द्या' हे वाक्य मला हंगामात रोज ऐकू येते. ॲसिटाझोलामाइड हे त्या औषधाचे मूळ नाव. मी वर मूत्रपिंडांचे जे काम सांगितले, त्याला ते वेग देते, म्हणून विमानाने थेट लेहला जाणाऱ्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो. प्रौढांना साधारणतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निघण्याच्या आदल्या दिवसापासून. लघवी वरचेवर होते, बोटांना मुंग्या येतात, सोडावॉटर बेचव लागते. यात घाबरण्यासारखे काही नाही. पण सल्फाच्या औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल तर ते आधी सांगितले पाहिजे, आणि दुकानातून परस्पर घेऊ नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ही गोळी विश्रांतीच्या दिवसांना पर्याय नाही. गोळी घेतली म्हणून दुसऱ्या दिवशी खार्दुंग ला, असा हिशेब करणाऱ्यांना मी ती देत नाही.

कापराची पुडी हुंगत राहिल्याने प्राणवायू वाढतो, हा समज मोबाईलवरच्या निरोपांनी घरोघर पोचवला आहे. कापराने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातला प्राणवायू कणभरही वाढत नाही. आणि लहान मुलाने तो कापूर तोंडात टाकला तर झटके येऊ शकतात, म्हणून ती पुडी घरीच देवापुढे राहू द्या. प्राणवायूचा जो हलका डबा मिळतो त्यात काही मिनिटांपुरताच साठा असतो. मनाला आधार, यापलीकडे त्याचा फारसा उपयोग नाही. गाडीत खरा सिलिंडर आहे का, तो भरलेला आहे का आणि मुखवटा लावायचा कसा हे चालकाला येते का, ते विचारा. पाणी तहानेप्रमाणे आणि थोडे जास्त प्या, पण दिवसाला सहा-सात लिटर ढोसून आजार टळत नाही. पहिले दोन दिवस दारू अजिबात नको. झोपेची गोळीही नको, कारण ती रात्रीचा श्वास आणखी मंद करते.

कोरोनापासून घराघरात बोटाला लावायचे यंत्र आले आहे आणि ते लडाखलाही जाते. तिथे पहिल्या दिवशी आकडा ८८ दाखवतो आणि घरात रडारड सुरू होते, कारण ९४ च्या खाली गेले की इस्पितळ, हे २०२०-२१ साली आपण सगळेच पाठ करून बसलो आहोत. लेहला पोचल्यावर धडधाकट माणसाचाही आकडा ८५ ते ९० असणे नवल नाही. बोटे गार असली तर आकडा चुकतो, हात चोळून पुन्हा लावा. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहा. हसतोय, जेवतोय, नीट चालतोय तर ठीक. आकडा बरा असला तरी तो बसल्या जागी धापा टाकत असेल, तर यंत्र ठेवा बाजूला आणि दवाखान्यात चला. आणखी एक, रात्री झोपेत नवऱ्याचा श्वास काही क्षण थांबून पुन्हा जोरात सुरू होतो, हे पाहून बायका घाबरून जातात. उंचावर पहिल्या काही रात्री असे पुष्कळांना होते. दिवसा तो माणूस बरा असेल तर त्याला झोपू द्यावे.

कोणी मुळीच जाऊ नये? नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, थोडे चालल्यावर छातीत दुखणारा, रक्तदाब ताब्यात नसलेला, दम्याने किंवा विडीने फुप्फुसे खराब झालेला, गरोदर स्त्री, यांनी आधी आपल्या तज्ज्ञाशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नये. मधुमेह आणि रक्तदाब औषधांनी आटोक्यात असेल तर दार बंद नाही. इन्शुलिन गोठू देऊ नये, अंगाजवळच्या खिशात ठेवावे. बायकांनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. आठ-नऊ हिमोग्लोबिन घेऊन विरळ हवेत जाणे म्हणजे अर्ध्या टाकीवर घाट चढणे.

आपल्या विदर्भासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, जी मुंबई-पुण्याच्या फॉर्मवर छापलेली मी पाहिलेली नाही. ती म्हणजे सिकलसेल. ज्याला हा आजार आहे त्याने या उंचीवर जाऊ नये, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण नुसता वाहक असलेला, ज्याला आयुष्यात कधी काही त्रास झालेला नाही, अशा माणसालाही उंचावर प्लीहेचा रक्तपुरवठा तुटून डाव्या बरगडीखाली भयंकर दुखू शकते. हे क्वचित घडते, पण घडते, आणि तिथल्या डॉक्टरला तुम्ही वाहक आहात हे कळले नाही तर निदानाला उशीर होतो. जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेलची मोहीम सुरू आहे, आपल्याकडे तपासणी तर त्याआधीपासून होते. तपासणी झाली नसेल तर करून घ्या. वाहक असाल तर डॉक्टरशी बोला, आणि गेलात तर कार्ड पाकिटात ठेवा.

'डॉक्टर, हजारो माणसं जातात, कुठं काय होतं?' असे मला ऐकवले जाते. खरे आहे. बहुतेकांना डोकेदुखीपलीकडे काही होत नाही, मृत्यू तर विरळाच. पण ज्यांना होते त्यांपैकी बहुतेकांना दोन जादा दिवसांनी ते टळले असते, आणि हे दोन दिवस कुठे जातात ते मला माहीत आहे. 'हॉटेलात झोपायला का एवढे पैसे भरले?' या एका प्रश्नात ते जातात. लेहचे प्रशासनदेखील विमानाने येणाऱ्यांना पहिले दोन दिवस विश्रांतीचाच सल्ला देते. स्पर्धा अशी की एका कंपनीने सात दिवसांची सहल छापली तर दुसरी त्याच जागा पाच दिवसांत दाखवते, आणि गिऱ्हाईक पाचवालीकडे जाते. मग दोष एकट्या कंपनीला कसा द्यायचा?

माझी मागणी साधी आहे. औषधाच्या बाटलीवर जशी मुदत छापतात, तशी प्रत्येक मुक्कामापुढे त्या जागेची उंची मीटरमध्ये छापली जावी. 'रात्र चौथी, पांगाँग, ४,२५० मीटर.' आदल्या ओळीत ३,१०० वाचलेला माणूस निदान विचारेल तरी. आणि डॉक्टरच्या सहीच्या जागेवर आणखी एक रकाना असावा, 'कार्यक्रमपत्रिका पाहिली'. तो रकाना नसताना केलेली सही ही फक्त उद्या काही झाले तर जबाबदारी कोणावर ढकलायची याची सोय आहे. ज्या कागदावर दुसऱ्या दिवशी खार्दुंग ला आहे, त्यावर मी सही करत नाही. त्यामुळे दोन-तीन कुटुंबे माझ्यावर रुसली आहेत आणि त्यांनी दुसरीकडून सही आणली आहे, तेही मला ठाऊक आहे.

एक राहिले. हे सगळे वाचून 'आपण काही लडाखला जात नाही, आपली आपली चारधाम यात्रा बरी' असे कोणी म्हणत असेल तर त्यांनी ऐकावे. केदारनाथचे मंदिर ३,५८३ मीटरवर आहे, लेह शहराच्या थोडे वरच. यात्रेला कोणी साहस म्हणत नाही, म्हणून तिथे सत्तर वर्षांची आजी उपाशीपोटी, रक्तदाबाची गोळी 'आज राहू दे' म्हणून, गौरीकुंडाहून एका दिवसात सोळाशे मीटर चढते, किंवा हेलिकॉप्टरने काही मिनिटांत वर उतरते आणि रात्री गारठ्यात तिथेच झोपते. तिलाही तेच नियम. वर जाण्याआधी गुप्तकाशी किंवा सोनप्रयागला एकदोन रात्री काढाव्यात, गोळ्या चुकवू नयेत, थोडे थोडे खात राहावे, आणि डोके दुखू लागले, धाप लागली तर वर मुक्काम न करता दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली यावे. दर्शन व्हायचे राहिले असेल तरीही.